दिवाळीची विहीर, होळीची विहीर

एका तालुक्याच्या गावी एक निवृत्त गुरुजी राहत असत. चौतीस वर्षे त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता. निवृत्तीनंतर त्यांनी शिकवण्या घेतल्या नाहीत. पण काही अडले की जुने विद्यार्थी त्यांच्या ओसरीवर येत आणि गुरुजी त्यांचे सगळे ऐकून घेत. सल्ला ते क्वचित देत. दिलाच तर तो प्रथम चमत्कारिक वाटे आणि त्याचा अर्थ मागाहून ध्यानात येई.

त्यांच्या विद्यार्थ्यांत यमुना विटकर नावाची एक मुलगी होती. तिचे वडील, हणमंतआप्पा, विहिरी खणत. लहानपणी ती विहिरीच्या काठावर बसून खालून वर येणारे दगड निरखत राही आणि कोणता दगड किती खोलीवर लागला ते तिला तोंडपाठ असे. या दगडांचे एक स्वतंत्र शास्त्र आहे आणि ते महाविद्यालयात शिकवतात, असे गुरुजींनी तिला एकदा सांगितले. तेवढ्यावर ती शिकत गेली. दहावीच्या पुढे गेलेली घरातली ती पहिलीच. जिल्ह्याच्या गावी भूशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात तिला प्रवेश मिळाला, तेव्हा हणमंतआप्पांनी पेढे वाटले ते आधी गुरुजींच्या घरी आणि मग देवळात.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाने एक प्रबंध लिहायचा असतो. यमुनेला मार्गदर्शक म्हणून जे प्राध्यापक लाभले ते मोठे विद्वान होते, याबद्दल महाविद्यालयात कोणाचे दुमत नव्हते. त्यांच्या जिभेबद्दलही नव्हते. कोणी शंका विचारली तर "हे अकरावीच्या पुस्तकात आहे" एवढे बोलून ते फळ्याकडे वळत. नमस्कार केला तर मान वर करत नसत. विद्यार्थ्यांनी यावर आपापले उपाय शोधून काढले होते. कोणी होला हो मिळवून वेळ मारून नेई, कोणी वसतिगृहात त्यांची नक्कल करून सगळ्यांना हसवी. शंका मात्र आता कोणी विचारीत नसे.

यमुनेने प्रबंधासाठी आपल्याच गावाचा विषय निवडला होता. गावाच्या मधोमध जमिनीत काळ्या दगडाची एक उभी भिंत गेलेली आहे. वरून ती दिसत नाही. ओढ्याच्या पात्रात तेवढी तिची कड उघडी पडली आहे. या भिंतीच्या वरच्या अंगाच्या विहिरींना पाणी टिकते आणि खालच्या अंगाच्या लवकर आटतात, हे गावात सर्वांना ठाऊक होते. ते का होते आणि नेमके किती फरकाने होते, हे यमुनेला मोजून दाखवायचे होते. तिने अकरा विहिरी मोजल्या, नकाशा काढला, आलेख काढले आणि मार्चअखेर प्रबंधाचा कच्चा खर्डा प्राध्यापकांच्या हाती दिला.

तीन दिवसांनी त्यांनी तो भर वर्गात परत केला. परत केला म्हणजे टेबलावर असा टाकला की त्यातले दोन कागद खाली पडले.

"या विहिरी तू मोजल्यास, की तुझ्या बापाने अंदाजाने सांगितल्या?" त्यांनी विचारले. "एक विहीर दिवाळीची, एक विहीर होळीची, आणि म्हणे तुलना! याला शास्त्र म्हणतात होय? घरी विहिरी खणतात म्हणून कोणी भूशास्त्रज्ञ होत नाही. कुदळ धरायची तर कुदळ धरावी, उगाच इथली एक जागा कशाला अडवायची?"

मागच्या बाकांवर कोणीतरी हसले. मग आणखी काही जण हसले. ते हसणे प्राध्यापकांना बरे वाटावे म्हणून होते की आज आपली पाळी नाही याच्या सुटकेचे होते, कोण जाणे. यमुनेने खाली वाकून दोन कागद उचलले, तास संपेपर्यंत तशीच बसली आणि संध्याकाळच्या एसटीने घरी आली.

"मी शिक्षण सोडतेय, आप्पा," ती म्हणाली.

हणमंतआप्पांनी काय झाले ते विचारून घेतले. सांगताना तिने 'बाप' आणि 'कुदळ' हे दोन शब्द गाळले. पण बोलणे मध्येच अडखळले आणि काहीतरी गाळले आहे हे त्यांना कळले. ते म्हणाले, "सोडायचं तर सोड. मी नाही म्हणणार नाही. फक्त आधी गुरुजींना सांगून ये. त्यांनी घातलंय ना तुला या वाटेला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गुरुजींकडे गेली. प्रबंधाचे कागद तिने फडक्यात गुंडाळून वर सुतळी बांधली होती. विहिरीतून मातीची पाटी वर ओढताना तिचे वडील दोराला मारत तशी पक्की गाठ तिने मारली होती. ती गाठ मारायला सवयीचा हात लागतो. ओसरीवर बसून तिने सगळी हकीकत सांगितली, गाळलेल्या शब्दांसकट. प्राध्यापकांनी चष्मा कसा काढला, कागद कसे पडले, आधी कोण हसले, हे सगळे तिने सांगितले. शेवटी म्हणाली, "गुरुजी, तुम्ही हे एकदा वाचा आणि खरं काय ते सांगा. माझं काम इतकं वाईट आहे का?"

गुरुजींनी ते गाठोडे ठेवून घेतले. म्हणाले, "उद्या ये."

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा गुरुजी तिची वाटच पाहत होते. त्यांनी गाठोडे दोन्ही हातांनी तिच्या स्वाधीन केले.

"यमुना, काम फार उत्तम झालं आहे," ते म्हणाले. "मोजमाप चोख, मांडणी स्वच्छ. तुझ्या वयात मला असं काही लिहिता आलं नसतं. त्या माणसाला यात काय दिसलं नाही कोण जाणे."

यमुनेच्या डोळ्यांत पाणी आले. दोन दिवस छातीवर ठेवलेले ओझे कोणी उचलावे तसे तिला झाले. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "त्यांना मुळी मला शिकवायचंच नाहीये, गुरुजी. आमच्यासारख्या घरातली मुलगी तिथं बसलेली त्यांना बघवत नाही. तुम्हीच सांगा, अशा माणसाचं काय ऐकायचं?"

गुरुजी म्हणाले, "हातातलं गाठोडं बघ जरा."

तिने पाहिले. तिला काही कळेना.

"गाठ कोणी मारली आहे?"

"मीच," ती म्हणाली, आणि बोलता बोलता थांबली. सुतळीवरची गाठ तिची स्वतःची होती. काल मारली तशीच होती. ती कोणी सोडलेली नव्हती.

"तुम्ही वाचलंच नाही," ती हळूच म्हणाली.

"एक ओळसुद्धा नाही."

तिचा आवाज चढला. शाळेपासून ज्या माणसासमोर ती कधी मोठ्याने बोलली नव्हती, त्यालाच ती म्हणाली, "त्यांनी निदान वाचून तरी अपमान केला होता, गुरुजी! तुम्ही न वाचताच गोड बोललात. मग तुमच्यात आणि त्यांच्यात कोण बरं?"

"बैस," गुरुजी म्हणाले. "रागावलीस ते योग्यच आहे. मी तुझ्याशी खोटं बोललो. या वयात ते शोभत नाही आणि त्याबद्दल तू मला क्षमा कर. पण दुसऱ्या कोणत्या रीतीने सांगितलं असतं तर तुला पटलं नसतं, असं मला वाटलं. मी 'उत्तम' म्हटलं आणि ते तू लगेच खरं मानलंस. 'कोणती मोजणी चोख आहे?' असं विचारलं नाहीस. त्याने 'वाईट' म्हटलं, ते तू लगेच खोटं मानलंस. 'कुठे वाईट आहे?' हेही विचारलं नाहीस. माझा आवाज मऊ होता, त्याचा खरखरीत होता. तू दोन्ही वेळा आवाज तपासलास. कागद कोणी तपासला?"

यमुनेने गाठोडे मांडीवर ठेवले.

"आता एक कर," गुरुजी पुढे म्हणाले. "तो काय काय बोलला ते पुन्हा सांग. पण त्याच्या आवाजात नको. मी तुझ्याशी बोलतो आहे असं समज आणि सावकाश, प्रेमाने एकेक वाक्य म्हण. ज्या वाक्याचा तशा आवाजातही काही अर्थ लागेल, तिथे थांब."

तिला ते करणे जड गेले. पहिले वाक्य मऊ आवाजात म्हणून पाहिले, तरी ते निव्वळ टोमणाच राहिले. दुसऱ्या वाक्याशी ती आली. "एक विहीर दिवाळीची," ती सावकाश म्हणाली, "एक विहीर होळीची, आणि..."

आणि तिथेच ती थांबली.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली होती तेव्हा तिने वरच्या अंगाच्या सहा विहिरी मोजल्या होत्या. खालच्या अंगाला त्या वेळी ज्वारी उभी होती आणि शेतकरी पिकातून जाऊ देईनात. त्या पाच विहिरी तिने होळीला येऊन मोजल्या होत्या. दिवाळीला पावसाचे पाणी अजून जमिनीत असते. सगळ्याच विहिरी भरलेल्या असतात. होळीपर्यंत त्या आपोआप उतरतात. तिने दाखवलेला वीस फुटांचा फरक दगडी भिंतीमुळे किती आणि मधल्या चार-पाच महिन्यांमुळे किती, हे तिचे आकडे सांगूच शकत नव्हते. ही चूक पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही दिसली असती. तिला ती दिसली नव्हती, कारण उत्तर तिला आधीपासूनच ठाऊक होते.

"म्हणजे ते बरोबर होते," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "आणि मी उगाच..."

"विहिरींच्या बाबतीत तो बरोबर होता," गुरुजी म्हणाले. "तुझ्या वडिलांच्या बाबतीत तो चूक होता. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने एका दमात सांगितल्या म्हणून त्या एक होत नाहीत. त्याने त्या एकत्र कालवल्या, हा त्याचा दोष. त्या वेगळ्या करायच्या राहिल्या, हे तुझं नुकसान. विहिरींचं तुझ्या कामाचं आहे, ते घे. वडिलांबद्दलचं घेण्याचं काही कारण नाही. ते त्याचं त्याला परत कर. पण समोर जाऊन कर, पाठीमागे नको, आणि आधी विहिरी मोजून मग कर. नाहीतर तुझं रास्त बोलणंही त्याला सबबच वाटेल."

"आणि त्यांनी प्रबंधावर सहीच केली नाही तर?"

"तर प्राचार्यांकडे लेखी अर्ज कर. काय घडलं, कोणत्या तारखेला, कोणासमोर, एवढंच लिही. मी तुझ्याबरोबर येईन. मात्र त्या दिवशीही तुझे आकडे बिनचूक असले पाहिजेत."

मग गुरुजींनी तिच्याकडून गाठोडे मागून घेतले, तिनेच मारलेली गाठ तिलाच सोडायला लावली आणि दुपारपर्यंत प्रबंधाचे पान अन् पान वाचून काढले. तीन ठिकाणी त्यांनी पेन्सिलीने खूण केली. स्तुती केली नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात यमुनेने अकराही विहिरी पुन्हा मोजल्या, सगळ्या चार दिवसांच्या आत. हणमंतआप्पा तिच्याबरोबर गेले. ते काठावर ओणवे होऊन वजन बांधलेली टेप खाली सोडत आणि पाण्याला टेकताच हाताने खूण करत. ती आकडा लिहून घेई. प्रत्येक विहीर दोनदा मोजायची, असे तिने ठरवले होते. वीस फुटांचा फरक सात फुटांवर आला. तिला थोडे वाईट वाटले. पण हे सात फूट आता कोणाच्याही समोर उभे राहणार होते.

चौथ्या दिवशी मात्र एक अडचण निघाली. खालच्या अंगाची आठव्या क्रमांकाची विहीर बाकीच्यांसारखी वागेना. तिचे पाणी वरच्या अंगाच्या विहिरींच्या बरोबरीने उभे होते. होळीच्या वेळीही ते वरच होते; पण तेव्हा आपल्या मोजण्यात काही गफलत झाली असेल असे समजून तिने तो आकडा आलेखातून वगळला होता. आता दोनदा मोजूनही तोच आकडा आला.

"ही कशी काय, आप्पा?" तिने सहज विचारले.

"ही व्हय?" हणमंतआप्पा म्हणाले. "ही मीच खणलेली. तुझा जन्म व्हायचा होता. विहिरीच्या तळातनं बाजूला आम्ही आडवं बोअर मारायला घेतलं, त्या काळ्या दगडात. वाटलं, आता सुरुंगाशिवाय काय हलत नाही. तर दगड आधीच चिरलेला. पहारीनं निघाला सगळा. रातोरात पाणी भरलं, आमची पाटी-घमेली सुद्धा पाण्यात गेली."

यमुनेने विहिरीत वाकून पाहिले. तिथे त्या दगडी भिंतीला तडा होता. पाणी अडत होते तेही खरे, आणि एका जागी वाट काढत होते तेही खरे. तिने या खेपेला आठवी विहीर वगळली नाही. तिच्यासाठी एक स्वतंत्र पान लिहिले.

प्रबंध दाखल करायला तीन दिवस उरले असताना ती प्राध्यापकांच्या खोलीत गेली. दोन विद्यार्थी तिथे आधीच उभे होते.

"परत आलीस?" प्राध्यापक मान वर न करता म्हणाले.

"हो सर." तिने प्रबंध टेबलावर ठेवला. शब्द तिने एसटीत बसल्या बसल्या इतक्यांदा म्हणून पाहिले होते की ते आपोआप आले. "सर, विहिरी वेगवेगळ्या महिन्यांत मोजल्या होत्या, हे तुम्ही बरोबर सांगितलंत. मी सगळ्या नव्याने मोजल्या. फरक वीस नाही, सात फूट आहे. चूक दाखवल्याबद्दल मी आभारी आहे. माझ्या वडिलांबद्दल तुम्ही जे बोललात ते बरोबर नव्हतं. ते मला मान्य नाही."

प्राध्यापकांनी तिच्याकडे पाहिले. चेहऱ्यावर राग दिसला, मग तोही गेला आणि त्यांनी प्रबंध ओढून घेतला. वीस-पंचवीस मिनिटे ते वाचत होते. तिला त्यांनी बसायला सांगितले नाही.

एका पानाशी ते थांबले. मागे गेले, नकाशा पाहिला, पुन्हा त्या पानाशी आले.

"ही आठवी काय भानगड आहे?"

"तिथे दगड चिरलेला आहे, सर. भिंतीतून पाणी खाली येतं."

"कशावरून? तू खाली उतरून पाहिलंस?"

"नाही. ती विहीर माझ्या वडिलांनी खणली आहे. आडवं बोअर मारताना त्यांना दगड चिरलेला लागला होता."

"किती फुटांवर?"

तिने सांगितले. तिने ते आप्पांना विचारून ठेवले होते. कोणत्या दिशेला, किती रुंद, पाणी किती वेळात भरले, असे प्रश्न त्यांनी एकामागून एक विचारले आणि दर वेळी तिच्याकडे उत्तर होते. त्यांच्या स्वरातला तुसडेपणा तसाच होता. पण आता ते तिच्याबद्दल काही बोलत नव्हते. ते दगडाबद्दल बोलत होते.

शेवटी त्यांनी पेन उचलले आणि त्या पानाच्या तळाशी एक रेघ ओढली.

"इथे त्यांचं नाव लिही," ते म्हणाले. "पूर्ण नाव, आणि ती विहीर खणली ते साल. माहिती कोणाकडून मिळाली ते लिहिल्याशिवाय पान पुरं होत नाही. एवढंही कळत नाही का?"

यमुनेने तिथेच उभ्याने वाकून लिहिले : हणमंत मारुती विटकर. उभ्याने लिहिताना 'ट'चे अक्षर वाकडे आले; पुढे तिने सालही घातले. प्राध्यापकांनी सही केली, तारीख घातली आणि पुढच्या विद्यार्थ्याला म्हणाले, "हं, तुझं काय?"

संध्याकाळी ती गुरुजींच्या ओसरीवर आली. झालेले सगळे तिने सांगितले. या वेळी सांगण्यात चष्मा नव्हता आणि कोण हसले तेही नव्हते.

गुरुजींनी विचारले, "त्यांनी क्षमा मागितली?"

"नाही."

"तुला हवी होती?"



"हवी होती," ती म्हणाली. "अजूनही हवी आहे, गुरुजी. पण तिच्यावाचून माझं काही अडलेलं नाही."